रिठ्याच्या पाण्यातली माळ

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी दहा वाजता आमच्या जेवणाच्या टेबलावर साडेतीनशे डॉलरचा चेक होता. छताचा पंखा चालू होता, म्हणून चेकवर एक लिंबू ठेवलं होतं. टेबलाशी आम्ही पाच जण होतो. चेक लिहिणाऱ्या शेजारच्या काकू, तो ज्यांना द्यायचा त्या तुसॉनहून दोन तास ड्राइव्ह करून आलेल्या तज्ज्ञ बाई, माझी आई, माझी बायको आणि मी. मधोमध स्टीलच्या ताटात, घडी मोडलेल्या नव्या ब्लाउजपीसवर एक माळ होती. सोन्याचे, शिंपल्याचे आणि दगडाचे मणी. तज्ज्ञ बाईंनी भिंग काढलं, माळ उचलली, मागचा लाल रेशमी गोंडा पाहिला आणि माळ परत ताटात ठेवली. भिंग डोळ्याला लावलंच नाही.

“जुना दोरा कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

मी बायकोकडे पाहिलं. बायकोने आईकडे. कचऱ्याची गाडी आमच्या गल्लीत शुक्रवारी सकाळी येते.

ही माळ आमची नव्हती. शेजारच्या काकू अमेरिकन. त्यांचं नाव आईच्या तोंडात बसत नव्हतं, म्हणून आमच्या घरात त्यांना सगळेच काकू म्हणू लागलो. वय एक्याऐंशी. त्यांचे यजमान खाणीतले इंजिनियर. आमच्या चँडलर शहरापासून पूर्वेला तांब्याच्या खाणी आहेत, तिथे त्यांनी आयुष्य काढलं, पण लग्नानंतरची पहिली चार वर्षं दोघं पेरूमध्ये होते. डोंगरातल्या एका लहान गावात कंपनीचं पत्र्याचं घर होतं. काकूंची थोरली मुलगी तिथे जन्मली आणि तिथेच, वर्षाची व्हायच्या आत, गेली. हे काकूंनी मला एकदाच सांगितलं होतं, त्यांच्या टॅक्सचे कागद लावताना. मी पेशाने अकाउंटंट आहे आणि काकांच्या आजारपणापासून त्यांचा टॅक्स मीच भरत होतो, त्यामुळे असल्या गोष्टी माझ्यापर्यंत कागदांच्या मधूनच येत.

काका गेल्या वर्षी गेले. काकूंनी घर विकायला काढलं. मिनेसोटात मुलाजवळ राहायचं ठरलं. कपाट रिकामं करताना काकांच्या बुटांच्या मागे सिगारचा लाकडी डबा निघाला आणि त्यात स्पॅनिश वर्तमानपत्रात गुंडाळलेली ही माळ. दोन-तीन ठिकाणी तुटलेली. काकूंना ती आठवत होती. काकांनी तिथल्या कुणाकडून तरी घेतली होती, बदल्यात स्वतःचं घड्याळ दिलं होतं. कुठे घेतली ते कधी सांगितलं नाही. त्यांच्या गावाच्या खोऱ्यात, की सुट्टीत समुद्रकिनाऱ्यावर जायचे तिथे, हे काकूंना ठाऊक नव्हतं.

“ही तिथून यायला नको होती,” काकू म्हणाल्या. “त्यालाही ते कळत होतं. म्हणून तर बुटांच्या मागे ठेवली.”

त्यांना ती परत पाठवायची होती. कुठेही नव्हे, त्या गावाला. गावात आता एका खोलीचं संग्रहालय आहे, हे त्यांना माहीत होतं. तिथल्या लोकांनी कळवलं होतं की माळ त्याच खोऱ्यातली आहे असं कुणी जाणकाराने लिहून दिलं तर ती त्यांच्याकडे ठेवता येईल, नाहीतर सरकारी नियमाप्रमाणे राजधानीतल्या मोठ्या गोदामात जाईल. काकू एवढंच म्हणाल्या, “ती माझ्या मुलीजवळ राहिली तर बरं.”

तज्ज्ञ बाईंना मीच शोधलं. फी ठरवली, वेळ घेतली. मधल्या आठवड्यात काकूंच्या घरी गिऱ्हाइकं येणार होती, अनोळखी माणसं कपाटं उघडून बघतात, म्हणून काकूंनी रविवारी डबा आमच्याकडे आणून दिला.

दुसऱ्याची वस्तू घरात ठेवायची म्हणजे मी मोजून घेतो. डबा टेबलावर उघडला आणि काकूंच्या समोर मोजलं. पोकळ सोन्याचे मणी बावीस, लालसर नारिंगी शिंपल्याचे चौऱ्याहत्तर, हिरवट निळ्या दगडाचे सत्तेचाळीस. एकूण एकशे त्रेचाळीस. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर सगळं मिळून शहाण्णव ग्रॅम. काही मणी सुटे होते. बाकीचे तीन तुकड्यांत, तपकिरी सुती दोऱ्यावर अजून धरून होते. दोरा हात लावला की भुगा होईल असा. मी आकडे एका पाकिटावर लिहिले, खाली दोघांनी सही केली. फोटो काढला नाही. सगळं मोजलेलं होतं, फोटोत आणखी काय दिसणार होतं?

आई दर दोन वर्षांनी सहा महिने आमच्याकडे येते. वय शहात्तर. बाबांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. तिची आणि काकूंची भाषा एक नाही, पण काकू अंगणातली लिंबं आणून द्यायच्या, आई त्यांना थालीपीठ द्यायची, आणि दोघी मागच्या दारी खुर्च्या टाकून आपापल्या भाषेत तासभर बोलत बसायच्या. बायको म्हणायची, “आई, तुम्हाला कळतं तरी काय त्या म्हणतात ते?”

“सगळं कळतं. गुडघे, सून आणि घराची किंमत,” आई म्हणायची. “आणखी काय असतं बोलायला?”

बुधवारी दुपारी काकू आल्या. आम्ही दोघं ऑफिसात. त्यांना माळ एकदा बघायची होती. आईने डबा काढून दिला. काकूंनी एक तुकडा उचलला, दोरा सुटला आणि मणी फरशीवर पळाले. दोघींनी मिळून गोळा केले. मग काकू खुर्चीत बसून रडल्या. आईने त्यांना चहा दिला.

त्या दिवशी आईच्या मनात काय चाललं होतं, ते तिने मला नंतर सांगितलं. तुटलेली माळ आमच्या घरात कुणी ठेवत नाही. तिच्याबद्दल ‘तुटली’ असं बोलतही नाहीत, ‘वाढली’ म्हणतात. ही बाई नवरा गेल्यावर घर मोडून निघालेली, आणि तिच्या हातात तुटकी माळ. गावी कुणी बाई असं घर सोडून निघाली असती तर आईने तिची खणानारळाने ओटी भरली असती. पण काकू विधवा. आईच्या हिशेबात विधवेची ओटी भरत नाहीत. आई स्वतःही गेली नऊ वर्षं कुणाच्या हळदीकुंकवाला ओटीसाठी पुढे होत नाही. बायकोने तिला किती वेळा सांगितलं होतं, “आई, हल्ली भरतात. आमच्या इथल्या मंडळात सगळ्यांची भरतात.” आई म्हणायची, “तुमच्या मंडळात भरा. माझ्या हाताने नाही होत.”

तर ओटी नाही, निदान माळ तरी अखंड द्यावी, असं तिने ठरवलं.

गुरुवारी तिने रिठे भिजत घातले. रिठे ती पुण्याहून घेऊनच येते, केसांना आणि दागिन्यांना. कोमट पाण्यात मणी टाकले, जुन्या मऊ टूथब्रशने एकेक घासला. सोन्यावर काळपट लाल थर होता, तो गेला. शिंपला उजळला. दगड तर धुतल्यावर मोराच्या मानेसारखा दिसू लागला, असं ती म्हणाली. मग जुना दोरा आणि भांड्याच्या तळाशी बसलेला गाळ तिने टाकून दिला. लहानपणी शेजारी दागिने गाठून देणारा पटवेकरी राहायचा, त्याच्या ओट्यावर बसून ती ओवायला शिकली होती. मणी आकाराप्रमाणे लावले, मोठे मधे, लहान कडेला, आणि ठरावीक अंतरावर सोन्याचा एक. मेणाचा दोरा, प्रत्येक सोन्याच्या मण्याशी गाठ, मागे गोंडा.

आम्ही संध्याकाळी आलो तेव्हा माळ ताटात मांडलेली होती.

“बघ,” आई म्हणाली. “दुकानात याची मजुरी काय घेतात, विचार.”

“सुंदर झालीय गं,” मी म्हणालो, आणि तेच खरं होतं. बायकोने ती गळ्याशी धरून आरशात बघितली. “आई, ही द्यायची कशाला परत? मलाच द्या.”

“तुला तुझ्या नवऱ्याने करून द्यावी. ही त्या बिचारीची आहे.”

मी वजनकाटा काढला. चौऱ्याण्णव ग्रॅम. रविवारपेक्षा दोन ग्रॅम कमी. पाकिटावर नवा आकडा लिहिला आणि पुढे लिहिलं, ‘मळ’. तज्ज्ञ यायच्या आधी हात लावायला नको होता, हे खटकलं होतं. पण आईचा चेहरा समोर होता आणि स्वच्छ झालेल्या वस्तूची किंमत कमी होत नाही, असं मला वाटत होतं. आमच्याकडे सराफाकडे न्यायच्या आधीही दागिना धुतातच.

आता शनिवार. “जुना दोरा कुठे आहे?”

मी तज्ज्ञ बाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि काकूंकडे वळून सावकाश बोलू लागल्या. माळ खरी आहे. फार जुनी आहे. सोन्यात तांबं मिसळायची पद्धत, मण्यांची घडण, सगळं तिकडचंच आहे. हा नारिंगी शिंपला उबदार समुद्रातला, काटेरी कवचाचा. तिथल्या लोकांना तो सोन्याहून मोलाचा वाटायचा, शेकडो मैल लांबून आणायचे, त्यामुळे तो किनाऱ्यावरही सापडतो आणि डोंगरातही. दगडाचंही तेच. मणी फिरत असतात. कुठल्या खोऱ्यातली माळ, हे मण्यांवरून नाही सांगता येत.

“मग कशावरून येतं?” मी विचारलं.

“दोऱ्यावरून. सूत कुठल्या दिशेने पिळलंय, गाठ कशी मारलीय, मणी एकामागून एक कोणत्या क्रमाने ओवलेत. प्रत्येक गावाची पद्धत वेगळी. आणि भोकातल्या मातीवरून. माती तर फारच उपयोगाची.”

दोन ग्रॅम. ते पाकीट माझ्या शर्टाच्या खिशात होतं.

आई इतका वेळ बाईंच्या बोटांकडे बघत होती. बाई बोलताना अंगठा आणि बोटाने हवेत सूत पिळून दाखवत होत्या.

“काय म्हणतेय रे ती?” आईने विचारलं.

“शिंपला सोन्यापेक्षा महाग होता म्हणतेय.”

“मग सोनं कशाला घालत होते?” आई म्हणाली. पण तिचं लक्ष त्यात नव्हतं. “दोऱ्याचं विचारतेय ना? जुन्या?”

बायको म्हणाली, “हो आई.”

“तो लागत होता?”

“हो.”

आईने पदर नीट केला. म्हणाली, “तिला सांग, मी टाकला. घाण समजून टाकला. मुद्दाम नाही.”

मी इंग्रजीत सांगितलं. काकूंनी टेबलावरून हात पुढे करून आईचा हात धरला आणि मला म्हणाल्या, “त्यांना सांग, ही इतकी चमकलेली मी कधीच बघितली नव्हती. त्यानेही नाही.” मीही तसंच सांगितलं. आईने हात सोडवला नाही, पण मान वर केली नाही.

आता परत देताना मोजायला हवं होतं. अशा वेळी कुणी मोजत बसत नाही, पण सही केलेलं पाकीट होतं आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं. सोनं बावीस. शिंपले चौऱ्याहत्तर. दगड सेहेचाळीस. पुन्हा मोजले. सेहेचाळीस.

“आई, एक निळा कमी आहे.”

“कमी कसा असेल? त्यात सुई जात नव्हती, म्हणून ठेवला बाजूला.” ती उठली आणि आपली गोळ्यांची डबी घेऊन आली. सात कप्प्यांची, वारांची. रविवारच्या कप्प्यात रक्तदाबाच्या गोळीशेजारी एक निळा मणी होता. “घासला तरी भोक मोकळं होईना. म्हटलं, टाचणीने काढून मग ओवू मधे. राहून गेलं.”

तज्ज्ञ बाईंनी तो भिंगाखाली धरला. या वेळी भिंग बराच वेळ डोळ्याला होतं. भोकात माती होती, दगडासारखी घट्ट बसलेली, आणि मातीत सुताचा एक तुकडा. तांदळाच्या दाण्याएवढाही नसेल.

काकूंनी विचारलं, “एवढ्यावरून कळेल?”

“वय कळेल. जागा कदाचित. लॅबला पाठवून बघावं लागेल. मी आशा लावत नाही.”

लॅबला पाठवायचा तो मणी आणि चेक घेऊन त्या गेल्या. घ्यावा की नाही असं त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर आलं होतं, पण काकू म्हणाल्या, “तुम्ही दोन तास गाडी चालवलीत,” आणि लिंबू उचलून चेक पुढे सरकवला. लिंबूही त्यांनाच दिलं.

लॅबची फी चारशे ऐंशी डॉलर, अहवाल आल्यावर द्यायची. काकू भरायला निघाल्या होत्या, मी भरू दिली नाही. त्या रात्री जेवणं झाली. भांडी लावताना आईने मला हाक मारली आणि रुमालात बांधलेल्या वीस-वीसच्या सहा नोटा माझ्या हातावर ठेवल्या. नातवंडांना खाऊ आणि परत जाताना बदाम घ्यायला मीच दिलेले पैसे, तिने साठवलेले.

“लॅबला,” ती म्हणाली.

“आई, काहीतरीच काय. ठेव.”

“अरे, मी टाकला ना दोरा? तू टाकलास का?”

“मीच डबा नीट ठेवायला हवा होता.”

“तुझं तू भर. हे माझं.”

मी नोटा घेतल्या. परत केल्या असत्या तर ती म्हातारी आहे, तिला काय कळतं, असं मी म्हटल्यासारखं झालं असतं. तिने केलेलं काम उत्तम होतं आणि तिला ते माहीत होतं. चुकलं होतं तेही तिला माहीत होतं. दोन्हींतलं एक काढून घ्यायचा मला अधिकार नव्हता.

नोव्हेंबरात काकूंचं घर विकलं गेलं. निघायच्या दिवशी आई त्यांच्या दारात गेली. हातात ताट, ताटात तोच ब्लाउजपीस, नारळाऐवजी आमच्या झाडाचं ग्रेपफ्रूट आणि ओंजळभर तांदूळ. बायको माझ्याकडे बघत राहिली. आईने काकूंना स्वेटरचा घोळ पुढे धरायला लावला आणि त्यात सगळं घातलं. काकू म्हणाल्या, “हे काय आहे?” मी म्हणालो, “प्रवासासाठी.” तांदूळ ड्राइव्हवेवर सांडले होते, ते दोन दिवस चिमण्या टिपत होत्या.

आई जानेवारीत पुण्याला परत गेली. अहवाल फेब्रुवारीत आला. सूत कित्येक शतकं जुनं. माती पुरेशी नाही. किनाऱ्यावरची की डोंगरातली, ठरवता येत नाही. पाच-सहा मण्यांत तेवढी माती असती तर प्रयत्न करता आला असता, असं एक वाक्य शेवटी होतं. ते मी आईला वाचून दाखवलं नाही. तिने फोनवर विचारलं, “कळलं का?” मी म्हणालो, “नाही कळलं.” ती म्हणाली, “बरं.” मागे तिच्याकडच्या कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

काकूंना मी संध्याकाळी फोन केला. त्यांच्याकडे बर्फ पडत होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे राजधानीत,” त्या म्हणाल्या.

“हो. गोदामात. नंबर देतील.”

“नंबर तर असेलच.” मग, “त्या गावापासून राजधानी बसने एक अख्खा दिवस होती. आता कमी लागत असेल.” आणि फोन ठेवायच्या आधी, “तुझ्या आईने ज्या गाठी मारल्यात ना, त्या तशाच राहू देणार आहेत का ते लोक?”

मी तज्ज्ञ बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तिथे गेल्यावर हा नवा दोरा काढून टाकतील, मणी सुटे करून पिशव्यांत ठेवतील. तशी पद्धत आहे. काकूंना मी हे अजून कळवलेलं नाही, आईलाही नाही.

काकू जाताना माळ आमच्याकडेच ठेवून गेल्या होत्या, ती मार्चमध्ये मी पेरूच्या वकिलातीच्या माणसाच्या हाती सोपवली. एकशे त्रेचाळीस मणी, एक सुटा. या वेळी मी प्रत्येक मण्याचे फोटो काढले, आईने लावलेल्या क्रमाने. पाठवण्याचा खर्च त्यांच्या सरकारने केला. तज्ज्ञ बाईंचे साडेतीनशे काकूंनी दिलेलेच होते. लॅबला चारशे ऐंशी डॉलर पोचले, त्यातले तीनशे साठ माझे आणि एकशे वीस आईचे.